बिनवासाची खोली

लेकीचा फोन आला तेव्हा मीटरवाले मोजे काढत होते. एक मोजा पायात आणि एक हातात अशा अवस्थेत माणसाला वाईट बातमी सांगू नये. पण फोन काही पाय बघून वाजत नाही.

"बाबा, आम्ही सुट्टीत येतोय."

मीटरवाल्यांचा चेहरा खुलला. "या की! कधी?"

"पण या वेळी आम्ही सरळ हॉटेलात उतरतो. घरी भेटायला येऊ."

"हॉटेलात? बापाचं घर काय जळून गेलंय?"

"बाबा, मागच्या वेळचं विसरलात का?"

विसरतील कसे! मागच्या वेळी नात येणार म्हणून मीटरवाल्यांनी मोठ्या हौसेने आतल्या खोलीत नवंकोरं कपाट आणून ठेवलं होतं. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, गुलाबी, दारावर ससा. नात त्या खोलीत झोपली आणि सकाळपर्यंत तिची छाती शिट्टी वाजवायला लागली. डॉक्टर म्हणाले, पोरीची छाती नाजूक आहे, नव्या फर्निचरच्या गोंदातून वायू सुटत राहतो, तो तिला सोसत नाही. झालं. त्याच दिवशी लेक, जावई आणि नात हॉटेलात गेली आणि उरलेली सगळी सुट्टी मीटरवाले नवराबायको रोज हॉटेलात जाऊन, परक्या खुर्चीच्या टोकावर बसून, नातीला भेटून येत राहिले. खालचा काउंटरवाला रोज विचारायचा, "आपण कोणाकडे?" सख्ख्या नातीला भेटायला गेलेल्या माणसाला असं विचारलं की जे होतं, ते मीटरवाल्यांना वर्षभर होत होतं.

"खोलीचं मी बघतो," ते म्हणाले. "वास म्हणून औषधाला सापडणार नाही."

लेकीला बापाची दया आली असावी. "बरं. स्टेशनवरून आधी घरी येतो. पण टॅक्सी खाली उभी राहील आणि सामान टॅक्सीतच राहील. ती जरा जरी खोकली, तरी त्याच टॅक्सीने हॉटेल. मग रागवायचं नाही."

"नाही रागावणार!" मीटरवाले रागावून म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मीटरवाले म्हणजे वीज कंपनीच्या कचेरीत 'आमचा मीटर जोरात पळतो' अशा तक्रारी घेणाऱ्या खिडकीत बसणारे गृहस्थ. इमारतीत सगळे त्यांना मीटरवाले म्हणतात, बायको अहो म्हणते, त्यामुळे आईबापांनी ठेवलेलं नाव तसं कोरंच राहिलं आहे. माणूस सरळमार्गी, नाकासमोर चालणारा. अडचण एवढीच की ते नाक बंद होतं. काही वर्षांपूर्वी एका फालतू सर्दीत त्यांचा वास गेला. सर्दी बरी झाली, वास काही परत आला नाही. त्यांना त्याचं फारसं दुःखही नव्हतं. कचेरीत त्यांची खिडकी स्वच्छतागृहाला लागून होती. तिथे बसणारा प्रत्येक जण महिन्याभरात बदलीचा अर्ज करी, हे मात्र वर्षानुवर्षं निवांत बसले. वरच्या साहेबांनी याला निष्ठा समजून एकदा सगळ्यांसमोर त्यांची पाठही थोपटली होती.

आता अशा माणसाने घरातला वास हुडकून काढायचा! देवाला थट्टा करायचीच असेल तर तो अर्धवट करत नाही.

बायकोचं नाक शाबूत होतं, पण ते त्या कपाटाला सरावलेलं. "आता कुठे येतोय वास? गेला केव्हाच," ती म्हणाली. मीटरवाल्यांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांना समोरच्या काकूंची आठवण झाली. समोरच्या काकूंचं नाक हे अख्ख्या इमारतीचं वर्तमानपत्र होतं. जिना चढता चढता त्या कोणाचं दूध लागलं, कोणी भिंतीला रंग दिला आणि कोणाच्या मुलाने गच्चीवर सिगारेट ओढली हे सांगत, आणि ते कधी चुकत नसे. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची त्यांना जन्माची हौस. बोलावणं मात्र आयुष्यात पहिल्यांदाच आलं, त्यामुळे त्या पदर खोचूनच आल्या.

काकूंनी गुलाबी कपाट उघडलं, आत डोकं घातलं आणि तितक्याच वेगाने बाहेर काढलं.

"येतोय."

"किती?"

"डोळ्यांत पाणी येईल इतका. हे बघा, आलंच."

कपाट गेलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण मीटरवाल्यांना एकदा स्वच्छतेचा झटका आला की आवरत नाही. जुन्या सामानाचा दुकानदार कपाट न्यायला आला होता, त्याच्या टेम्पोत जागा होती, आणि रिकामी जागा दिसली की माणसाची बुद्धी फिरते. पडदे गेले. सतरंजी गेली. फोमच्या खुर्च्या गेल्या. शेवटी त्यांनी आतल्या खोलीतल्या जुन्या लाकडी पलंगाकडे बोट दाखवलं.

"अहो, त्या पलंगाने तुमचं काय घोडं मारलंय?" बायको आडवी आली. "लग्नापासून आहे. त्याला कसला आलाय वास?"

"तुला येत नाही म्हणजे नसतोच असं नाही," मीटरवाले म्हणाले. स्वतःला शून्य वास येणाऱ्या माणसाने हे म्हणायला छाती लागते. बायकोने आत जाऊन भांडी जोरात घासायला घेतली. पलंग गेला.

मग खरेदी. एका मोठ्या दुकानात मीटरवाले, बायको आणि काकू अशी वरात पोचली. तिथे प्रत्येक वस्तूवर हिरव्या पानाचं स्टिकर होतं. टाय घातलेला विक्रेता हात चोळत पुढे आला.

"हे पान कशाचं?" मीटरवाल्यांनी विचारलं.

"पर्यावरणाचं, सर."

"म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे स्टिकर हिरवं आहे, सर."

"गोंद कोणता वापरलाय? त्यात फॉर्माल्डिहाइड आहे का?" गोंदातल्या त्या वायूच्या नावाचा हा अवघड शब्द मीटरवाल्यांनी आरशासमोर उभं राहून पाठ केला होता. तोंडातून तो अखंड बाहेर पडल्याचा त्यांना इतका आनंद झाला की उत्तर ऐकायचं राहिलंच. उत्तर "बेस्ट क्वालिटी, सर" असं होतं, तेव्हा फारसं काही चुकलं नाही.

"या सोफ्यावर काही फवारलंय का?" बायकोने विचारलं.

विक्रेत्याची छाती फुगली. "अर्थात, मॅडम! डाग पडू नयेत म्हणून एक थर, पेट घेऊ नये म्हणून दुसरा, कसर लागू नये म्हणून तिसरा. वर सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडावर वेगळी प्रक्रिया!"

ज्या ज्या गोष्टीपासून पळायचं असं मीटरवाल्यांनी वाचलं होतं, ती ती तो माणूस भेट म्हणून देत होता. "आम्हाला यातलं काहीच नसलेला दाखवा," ते म्हणाले.

"काहीच नसलेला?" विक्रेता दुखावला. "तसला माल आम्ही ठेवत नाही, सर."

एवढ्यात काकू दिसेनाशा झाल्या. त्यांचं म्हणणं असं की कपाटाचा खरा वास दार बंद केल्यावर कोंडतो, तेव्हा तपासायचं तर आत बसून तपासावं. त्या एका उंच कपाटात शिरल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. ते बाहेरून एका नवविवाहित जोडप्याने उघडलं. नवरी किंचाळली. काकू मात्र आतून शांतपणे म्हणाल्या, "हे घेऊ नका बाई, पोराबाळांचं घर होणार तुमचं."

मॅनेजर आला. त्याने सभ्य शब्दांत तिघांना दाराची दिशा दाखवली. त्या दारातूनच मीटरवाल्यांचे साहेब, पाठ थोपटणारे, सहकुटुंब आत येत होते. त्यांनी मीटरवाल्यांकडे पाहिलं, मागून मॅनेजरच्या पहाऱ्यात येणाऱ्या काकूंकडे पाहिलं आणि पायांतल्या बुटांकडे पाहत ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी मीटरवाल्यांना बोलावून हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" आता या माणसाला कुठून सुरुवात करून सांगणार? "ठीक आहे, साहेब," एवढं म्हणून मीटरवाले खिडकीत जाऊन बसले.

दुकानदारांच्या तोंडावर विश्वास नको, सरकारी तपासणी करून घ्यावी असं मग त्यांच्या मनाने घेतलं. हवा तपासणारी एक कचेरी गावात आहे हे कळल्यावर ते अर्धी रजा टाकून तिथे गेले. खिडकीतला माणूस वयाने त्यांच्याएवढाच, चष्माही तसाच.

"नमुना आणलात?"

"कशाचा?"

"हवेचा."

"हवा घरात आहे हो. मी कशी आणणार?"

"मग तपासणार काय?" खिडकीतल्याने चष्मा काढला. "आणि हवा कुठली? रस्त्यावरची असेल तर वरचा मजला. कारखान्यातली असेल तर मागची इमारत."

"घरातली आहे. आतल्या खोलीतली."

"घरातली कोणाकडेच नाही."

"म्हणजे? मग घरातल्या हवेचं कोणी बघायचं?"

"घरातली हवा ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे," तो म्हणाला आणि त्याने खिडकीची पाटी उलटी केली.

मीटरवाल्यांना संताप यायला हवा होता. पण गेली कित्येक वर्षं ते स्वतः लोकांना "मीटर काढून घेऊन या" आणि "मीटरला हात लावायचा नाही" ही दोन वाक्यं एका दमात सांगत आले होते. उत्तर इतकं चोख होतं की त्यांना राग येण्याआधी कौतुकच वाटलं. ते तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले, कारण उठून जायचं तरी कुठे हे सुचत नव्हतं.

मग सुतार. भरीव लाकडाचा पलंग, गोंद नको, पॉलिश नको, रंग नको.

"मग त्यात पलंग काय राहिला?" सुताराने विचारलं. तरी त्याने काम घेतलं आणि सुतारांच्या रीतीप्रमाणे 'उद्या' पलंग आणून देतो म्हणाला. असे पुष्कळ उद्या गेल्यावर पलंग आला. लाकूड ओलं होतं. खोलीत आल्यावर ते वाळायला लागलं आणि वाळता वाळता वळायला लागलं. चौथा पाय जमिनीपासून बोटभर वर राहिला. सुतार म्हणाला, जमीन वाकडी आहे.

वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक पलंग बघायला आले. हे शिकवतात भूगोल, पण मतं देतात ती उरलेल्या सगळ्या विषयांवर. उंटावरचे शहाणे गावोगाव असतात, या इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहतात एवढंच. "नुसतं कोरं लाकूड? कीड लागेल! जवसाचं तेल लावा. शंभर टक्के नैसर्गिक. आणि हात आखडू नका, भरपूर लावा."

नैसर्गिक हा शब्द ऐकला की मीटरवाले आजकाल विरघळत. नवराबायकोने पलंगाला तेल चोपडलं. ते लाकडाने प्यायलं असं वाटून पुन्हा चोपडलं. मग राहून गेलेले कोपरे आठवून तिसऱ्यांदा. तेल वाळेना. पंखा लावला, खिडक्या उघडल्या, तरी पलंग आपला चिकट. चौकशीला आलेले प्राध्यापक म्हणाले, "वाळलाय की! तुम्हा लोकांना धीर म्हणून नाही," आणि ते ऐसपैस बसले.

बसले ते बसलेच. पलंग उचलला जाईल, पण प्राध्यापक सुटणार नाहीत अशी वेळ आली. शेवटी मीटरवाल्यांनी एक हात धरला, बायकोने दुसरा, आणि "एक, दोन" म्हणेपर्यंत कापड फाटल्याचा आवाज आला. भूगोलाचे प्राध्यापक मीटरवाल्यांचा टॉवेल गुंडाळून जिना चढले. पँटचा मागचा नकाशा बरेच दिवस पलंगावर होता.

काकूंना बोलावलं. त्या उंबऱ्यातच थांबल्या. "अहो, यापेक्षा ते कपाट बरं होतं. हा वास तर माझ्या घरात येतो!" पलंग चौघांनी मिळून गच्चीवर नेला. तिथे त्याला कबुतरांची पिसं चिकटत गेली आणि थोड्याच दिवसांत लांबून तो एखाद्या मोठ्या पक्ष्यासारखा दिसू लागला.

पडद्यांची गत वेगळी झाली नाही. न रंगवलेला, न फवारलेला मांजरपाट आणायचा हे बायकोने ठरवलं, ते बरोबरच होतं. नवं कापड वापरण्याआधी धुवायचं असतं हेही तिला ठाऊक होतं. पण मीटरवाल्यांची घाई! त्यांनी कापड परस्पर शिंप्याकडे टाकलं, खिडकीचं माप दिलं, पडदे शिवून आणले आणि मग धुतले. एकदा धुतल्यावर खळ निघाली. दुसऱ्यांदा आणखी निघाली. तिसऱ्यांदा पडदेच निघाले, म्हणजे त्यांतलं अर्धं कापड कुठे गेलं ते कळेना. लावून पाहिले तर खिडकीला झबलं घातल्यासारखं दिसू लागलं.

"काढा ते," बायको म्हणाली. "खिडकीला लाज वाटेल."

लेकीची गाडी आता तोंडावर आली होती. मीटरवाले संध्याकाळी जिन्यात बसले होते, कारण आत बसायला काही उरलं नव्हतं. प्राध्यापक नवी पँट घालून खाली आले, झालं गेलं विसरून शेजारच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी वाचलं कुठेतरी. सगळ्यांत उत्तम काय माहितीये? जुनं फर्निचर. नव्यातून जे सुटायचं ते हळूहळू सुटून जातं. तुमचा तो जुना भरीव लाकडाचा पलंग होता ना? तसा पलंग लाखात एक."

मीटरवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

चोराबरोबर संन्याशालाही फाशी दिली होती. मीटरवाले तसेच उठले आणि चपला पायांत सरकवून जुन्या सामानाच्या दुकानाकडे पळत सुटले. त्या वयात, त्या रस्त्याने, कचेरीतून सुटलेल्या लोकांच्या गर्दीतून ते पळाले, आणि ओळखीच्या दोघातिघांनी "काय हो, काय झालं?" असं विचारलं त्यांना उत्तरही न देता पळाले. पलंग विकला गेला नव्हता. दुकानाच्या दारातच उभा होता.

"ओळखू आला का, साहेब?" दुकानदार अभिमानाने म्हणाला.

नव्हता आला. त्याच्यावर आरशासारखं झगझगीत पॉलिश चढलं होतं, डोक्याकडे लाल रेक्झिनची फुगीर उशी ठोकली होती आणि पायांना सोनेरी रंग दिला होता.

"हात लावू नका, साहेब, ओला आहे अजून. काय वास सुटलाय बघा! एकदम नव्यासारखा."

मीटरवाले तिथल्या एका मोडक्या स्टुलावर बसले. रडू येत होतं, पण दुकानदार इतका खुशीत होता की त्याच्यासमोर रडायचीही चोरी. "छान केलंय," ते म्हणाले. बायकोचा लग्नातला पलंग त्या अवतारात बघून आपण छान केलंय म्हणालो हे त्यांनी घरी कधीच सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर ते इतके दमले होते की एका कपड्याच्या दुकानासमोर नुसते टेकायला थांबले. काचेत एक पांढरा शर्ट होता. 'इस्त्रीची गरज नाही' असं त्याच्या छातीवर लिहिलं होतं. मीटरवाल्यांच्या मनात आलं, घरात खुर्ची नाही, पलंग नाही, पडदा नाही. जावई येणार. निदान घराचा मालक तरी धड दिसावा. शर्ट घेतला.

लेकीच्या येण्याच्या दिवशी आतल्या खोलीत काही म्हणजे काही नव्हतं. फरशी साध्या पाण्याने पुसलेली, खिडक्या सताड उघड्या, आणि एका कोपऱ्यात बायकोने जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरींच्या घड्या एकावर एक रचून बिछाना केलेला. शेवटची तपासणी काकूंनी करायची ठरलं होतं. पण इतक्या कपाटांत डोकं घालून आणि वर ते तेल हुंगून काकूंचं नाक सुजलं होतं. डॉक्टरांनी त्यांना सक्त विश्रांती सांगितली होती. दुष्काळात तेरावा महिना! त्या आपल्या दारात खुर्ची टाकून, नाकाला रुमाल लावून बसल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "बला काहीच कळत दाही हो."

मीटरवाल्यांनी पाकिटातून शर्ट काढला, टाचण्या काढल्या, घातला. खरोखर एक सुरकुती नव्हती. बायको लगबगीत होती, तिने ओझरतं पाहून "बरा दिसतोय" म्हटलं. एवढे बरे शब्द पलंग गेल्यापासून त्यांच्या वाट्याला आले नव्हते.

टॅक्सी आली. सामान टॅक्सीतच राहिलं. लेक वर आली, मागे जावई, मध्ये नात. लेक बापाला भेटण्याआधी आतल्या खोलीत गेली, दीर्घ श्वास घेतला, चारही भिंतींशी जाऊन घेतला, आणि वळून म्हणाली, "बाबा, खोलीत काहीच नाहीये!"

"तेच तर," मीटरवाले म्हणाले. या एका वाक्यासाठी त्यांनी काय काय सोसलं होतं हे तिला कधी कळणार नव्हतं.

"आजोबा!" नात धावली आणि त्यांच्या पोटाला बिलगून तिने छातीत तोंड खुपसलं. मीटरवाल्यांनी डोळे मिटले. वर्षभराचं ओझं उतरलं.

नात शिंकली.

मग खोकली. मग आणखी खोकली. लेकीने तिला चटकन गॅलरीत नेलं. तिथे ती गप्प झाली. आत आणली, आजोबांनी काळजीने जवळ घेतली, की पुन्हा खोकला. जावई फरशी बघत होते, बायको चादरी हुंगत होती, प्राध्यापक दारातून "खिडकीच्या रंगातून येत असेल" म्हणत होते. खोकला काही थांबेना. लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. मग बापाच्या दंडावर हात ठेवला.

"बाबा, तुम्ही खूप केलंत हो. पण आम्ही निघतो. खाली टॅक्सी थांबलीय."

"हो, हो," मीटरवाले म्हणाले. "निघा. तिला त्रास नको." रागवायचं नाही असं ठरलं होतं, आणि राग आलाही नव्हता. फक्त उभं राहवत नव्हतं आणि बसायला खुर्ची नव्हती. उद्या पुन्हा तो काउंटरवाला विचारणार, आपण कोणाकडे?

नात आईच्या कडेवरून त्यांच्याकडे निरखून बघत होती. "आई," ती म्हणाली, "खोलीला नाही. आजोबांनाच दुकानासारखा वास येतोय."

सगळे वळले. लेक जवळ आली, तिने बापाच्या खांद्याशी नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं. "बाबा! हा शर्ट नवा आहे? धुतलात तरी का?"

"याला... याला इस्त्री लागत नाही," मीटरवाले चाचरत म्हणाले.

"त्याचीच तर औषधं असतात त्यात!"

आता मीटरवाले म्हणजे साधा पेपर घ्यायला दारात आले तरी गळ्यापर्यंत बटणं लावून येणारा माणूस. समोर जावई. दारात प्राध्यापक. पलीकडे खुर्चीत काकू. पण त्या क्षणी त्यांना यातलं कोणी दिसलंच नाही. त्यांनी बटणं काढली नाहीत, ओढली. दोन उडून फरशीवर टणटणत गेली. शर्ट त्यांनी गॅलरीतून खाली भिरकावला. आत बनियन होतं. म्हणजे कधीकाळी बनियन म्हणून घेतलेलं काहीतरी होतं. काखेत भोक, पोटावर भोक, आणि पाठीवर तर भोकांना धरून ठेवण्यापुरतंच कापड. जावयांनी सभ्यपणे मान दुसरीकडे वळवली.

"अगं बाई!" बायकोने कपाळाला हात लावला. "शंभरदा सांगितलं टाका ते!"

मीटरवाल्यांनी मोरीत जाऊन मान, छाती, हात खसखसा धुतले आणि ते ओल्या अंगाने, त्याच अवतारात येऊन फरशीवर बसले. नातीला बोलावलं मात्र नाही. बोलवायचा धीर नव्हता.

नात आईच्या कडेवरून उतरली. लांब उभी राहिली. एक पाऊल पुढे आली, हुंगलं. आणखी एक पाऊल. मग मांडीत येऊन बसली आणि पोटावरच्या भोकात बोट घालून तिने छातीला नाक लावलं. घरात कोणी श्वास घेत नव्हतं, ती एकटी घेत होती.

"आता?" मीटरवाल्यांनी विचारलं.

"आता आजोबांचा येतोय."

"कसा असतो गं तो?" त्यांनी हे सहज विचारलं नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

नातीने पुन्हा एकदा नाक लावून नीट विचार केला.

"जुना," ती म्हणाली, आणि तिथेच डोकं टेकून पडून राहिली. प्रवासाने दमलेली पोर, बघता बघता झोपली. छाती वरखाली होत होती, शिट्टी नव्हती.

लेक बराच वेळ कान देऊन ऐकत उभी होती. मग ती गॅलरीत गेली आणि खाली वाकून म्हणाली, "अहो दादा, सामान काढा. आम्ही इथेच राहणार आहोत."

बायकोने नातीला अलगद उचलून चादरींवर निजवलं. "आता तरी दुसरं काहीतरी घाला अंगात," ती कुजबुजली. पण मीटरवाले जिन्याकडे निघाले सुद्धा. टॅक्सीवाला बॅगा काढेपर्यंत कोणाचं मन फिरलं तर? खालच्या रस्त्यावर माणसांची वर्दळ होती, समोरच्या गॅलऱ्यांत लोक उभे होते. सगळ्यांच्या देखत मीटरवाले त्या भोकाभोकांच्या बनियनमध्ये टॅक्सीपाशी गेले, एक बॅग डोक्यावर घेतली, दुसरी काखेत मारली, आणि तिसरीसाठी टॅक्सीवाला पुढे झाला तर त्याला म्हणाले, "राहू द्या हो, आमच्याच घरी जायच्यात."